आगबोट फुटली त्या सालची

स्मशानातल्या नोंदणीच्या खिडकीपलीकडच्या माणसाने ‘वय?’ असं विचारलं आणि आमच्या घरची शिकलीसवरलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. काका म्हणाले शहाण्णव. बाबा म्हणाले छे, त्र्याण्णव. चुलतभावाने मोबाइलमध्ये आधार कार्डाचा फोटो शोधला, त्यावर १ जानेवारी १९३५ होतं. ती तारीख आजीची नव्हे, कार्ड काढणाऱ्या मुलाची. जन्मतारीख ठाऊक नसलेली अर्धी पिढी त्या कार्डांवर एक जानेवारीला नाहीतर एक जूनला जन्मलेली आहे. खिडकीतल्या माणसाला याची सवय असावी. तो पेन धरून शांत बसून राहिला. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला. बायकांनी इथवर येऊ नये, असं कुणीतरी म्हणालं होतं ते न ऐकता ती आली होती. ती म्हणाली, “आगबोट फुटली तवा तिला न्हाण येऊन वरीस झालं हुतं. करा हिशोब.”

खिडकीतल्या माणसाने कार्डावरचं वय लिहिलं. त्याचंही बरोबर होतं. आत्याने दिलेल्या माहितीसाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

मला मात्र ते वाक्य पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. वय कळलं नाही याचं मला काही वाटलं नव्हतं. आमच्यापैकी कुणी आजीला तिच्या भाषेत ओळखतच नव्हतं, ओळखत होती ती एकटी आत्या, आणि तिला त्या दिवसाआधी कुणी काही विचारलंच नव्हतं, हे खरं टोचणं होतं.

आगबोट म्हणजे ‘फोर्ट स्टिकिन’. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ती जळून फुटली. पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. आजोबा तेव्हा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार होते आणि पाटण तालुक्यातल्या आमच्या गावाकडे दोन घरांत सोयरिकीची बोलणी झालेली होती. गावात बातमी पोचली ती ‘मुंबई उडाली’ अशी. पुढे कितीतरी दिवस पत्र नाही. मुलीच्या घरी लोक हळू आवाजात बोलायला लागले. मग पोस्टकार्ड आलं, आणि त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. आजी हे सांगायची ते पदराआड हसत, “माझा नवरा आधी मेला, मग जिता झाला, मग लगीन लागलं.” सोन्याच्या विटांचंही सांगायची. लोकांच्या घरांवर पडल्या म्हणं, आपल्या छपरावर एक पडली न्हाई. हे ती तक्रारीच्या सुरात म्हणायची, जणू देवाने मुद्दाम नेम चुकवला.

नंतर कराडहून मीटरगेजच्या गाडीने पुण्याला आणि तिथून मोठ्या गाडीने बोरीबंदरला ती उतरली. तेव्हापासून मुंबईत. आजोबा गेले ते पानशेत फुटलं त्या वर्षी, म्हणजे १९६१. माहेरची भिंत पडली ती भूकंपात, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या. बाबांची दहावी नव्हे, तेव्हाची अकरावी, ‘मिलोच्या दिसांत’, म्हणजे १९७२-७३ च्या दुष्काळात झाली. आणि सगळ्यात जाड रेघ संपाची, म्हणजे १९८२ च्या गिरणी संपाची. संपाच्या आधी आणि संपानंतर. मी संपाच्या आधीची. मला आठवतं ते आधीचं शेवटचं थोडं आणि नंतरचं बरंच.

आजोबांना खोकला होता. साचेखात्यात आणि कताईत आयुष्य काढलेल्या पुष्कळांना असायचा. कापसाची फुकी नाकातोंडात जायची, सोमवारी सुटीनंतर कामावर गेलं की छाती जास्त आवळायची, बाकी आठवडा तसाच रेटायचा. ते गेले तेव्हा आजीच्या पदरी तीन मुलं. आत्या दहा वर्षांची, बाबा सहा, काका अजून पाळण्यातून उतरलेले नसतील. खोली दहा बाय बाराची, नळ आणि संडास मजल्याच्या टोकाला. गावाहून दीर न्यायला आले होते. आजीने त्यांना जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं. त्याच महिन्यात शेजारच्या गाळ्यातले चार गावकरी तिच्याकडे जेवायला लागले. खानावळ अशी काही ठरवून निघाली नाही. चाराचे सात झाले, सातांचे पंधरा. एके काळी बावीस माणूस त्या खोलीत तीन पंगतींत जेवत होतं आणि चार-पाच डबे गिरणीच्या दरवाजावर जात होते.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. भाकरीचं पीठ करपल्याचा, सुकटीचा, रॉकेलचा आणि दोरीवर वाळणाऱ्या माणसांच्या कपड्यांतल्या तेलकट सुताचा. पहिल्या पाळीचे लोक पहाटे निघायचे, दुसऱ्या पाळीचे मध्यरात्री परतायचे, रातपाळीवाले सकाळी डोळे लाल करून यायचे. म्हणजे शेगडी विझायची वेळच नव्हती. पंगतीत बोलणं कमी. भाकरी मोडल्याचा आवाज, कालवण भुरकल्याचा आवाज, आणि मधूनच “मावशी, वाढा.” बावीस पुरुषांची ती मावशी होती. वाढताना तिचा डोळा ताटावर नसायचा, जेवणाऱ्याच्या हातावर असायचा. चौथ्या भाकरीला हात मंदावतोय का, हे तिला बघायचं असे. मंदावला की ती अर्धीच भाकरी टाकायची. उरलेली अर्धी माझ्या बाबांची.

हिशोब भिंतीवर. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक माणसाची कोळशाने आखलेली एक चौकट, चौकटीत खूण. एकाचा नारळ, कारण तो कोकणाकडचा. एकाची शेंडी. एकाचं नुसतं वाकडं नाक. माणूस एक वेळ जेवला नाही की खाली रेघ. तो खाडा. पण खाडा धरायचा तिचा नियम कडक होता. आदल्या रात्री सांगितलं असेल तरच रेघ. पीठ मळल्यावर कुणी पाहुण्याकडे जेवून आला तर पैसे पूर्ण. या नियमावरून भांडणं व्हायची, आणि ती कधी हरलेली मला तरी आठवत नाही. पगाराच्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि एकेकाचा आकडा तोंडी सांगायची. माझे बाबा तेव्हा पाढे पाठ करत होते. त्यांचा आकडा जुळेपर्यंत तिचा सांगून झालेला असे.

तिची हिकमत म्हणाल तर ती मी सगळ्यात जवळून पाहिली भुशाच्या शेगडीत. आमच्याकडे ती बराच काळ होती, रॉकेल रेशनवर आणि कोळसा महाग म्हणून. रे रोडच्या लाकडाच्या वखारींतून भुसा मिळायचा, गोणीभर, जवळजवळ फुकट. तुपाचा रिकामा पत्र्याचा मोठा डबा, खाली एका अंगाला पाडलेलं भोक. डब्याच्या मधोमध काचेची बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक लाकडी दांडका आत बाटलीच्या बुडापर्यंत सरकवायचा, आणि भोवती भुसा ठासायचा. नुसता ओतायचा नाही, ठासायचा. मूठ-मूठ टाकून वरवंट्याने दाबत जायचं. भुसा अगदी कोरडा असेल तर पाण्याचा एक हबका. काठोकाठ भरला की बाटली अलगद फिरवत वर काढायची. दांडका हळूच ओढायचा. आत काटकोनासारखं बोगदं तयार. खालून पेटती चिंधी सरकवली की आच त्या बोगद्यातून वर यायची, निळसर, बिनधुराची, आणि तासन्‌तास टिकायची. डाळ, कालवण, आंघोळीचं पाणी, सगळं एका भरणीत. पण ठासण्यात जरा ढिलाई झाली तर पंगत चालू असताना आतल्या आत भुसा ढासळायचा, सगळी खोली धुराने भरायची, आणि बावीस माणसं खोकत चाळीच्या गॅलरीत.

हे ठासायचं काम आत्याचं. दहाव्या वर्षापासून. मी पाहिलं तेव्हा ती तिशीची होती आणि तिच्या उजव्या तळहाताच्या टाचेला घट्टा होता, अजून आहे.

तेराव्याला जेवणं झाल्यावर लोक आजीबद्दल बोलायला लागले. सगळे चांगलं बोलले, ते खरंही होतं. काय काटकसर, काय धडाडी, आजच्या मुलींना जमेल का. एका भाच्याने, पुण्यात कंपनीत आहे, तिच्या भुशाच्या शेगडीवर मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ केला होता. ‘झिरो वेस्ट आजी’ असं काहीतरी नाव, मागे सतार. खूप लोकांना आवडला म्हणे. मीही अंगठा उमटवला. तो मुलगा मनाचा चांगला आहे, आणि त्याला ती शेगडी बघायलाही मिळालेली नाही. ती बघायला मिळणारच नव्हती. गॅसचं सिलिंडर घरी आलं त्या दिवशी संध्याकाळच्या आत आजीने तो डबा भंगारवाल्याला विकला. ठेवू या, पावसाळ्यात लागेल, असं काका म्हणाले तर ती उसळली, “लागंल तवा तू ठास.” आलेल्या पैशाचे तिने केळी आणि बुंदीचे लाडू आणले आणि पंगतीत वाटले. भुशाच्या शेगडीची तिला किती आवड होती, ते त्या लाडवांवरून समजावं.

म्हणून तिचं कौतुक ऐकताना मला अवघडायला होतं. तिने जे जे केलं ते दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून केलं, आणि हाताशी आलं त्या क्षणी टाकलं. फाटक्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या खऱ्या, पण हप्त्यावर मिळालेलं पहिलं फॅक्टरीचं ब्लँकेट तिने कपाटात घडी करून ठेवलं आणि आल्यागेल्याला उघडून दाखवलं. तिला नवीन वस्तू आवडायच्या. झुळझुळीत नायलॉन आवडायचं. स्टीलची भांडी आवडायची, त्यांवर नाव कोरून घ्यायला आवडायचं, स्वतःला वाचता येत नसताना.

१९७२-७३ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला. अमेरिकेतली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कड फुटायची, तव्यावर तुकडे व्हायचे, आणि घाटावरचा गडी भाकरीवर तडजोड करत नाही. आजीने पीठ उकडत्या पाण्यात घेतलं, वाफ दाबली, मग त्यात रेशनच्या गव्हाचं मूठभर पीठ घालून मळलं. थापली गेली. रंग जाईना. तेव्हा तिने कालवण जास्त तिखट केलं, म्हणजे डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाला रंग दिसत नाही असं तिचं म्हणणं. त्याच सुमाराला मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांचे मोर्चे काढले. ताटं आणि लाटणी वाजवत. आजीही गेली. पण तिने चांगलं लाटणं घरी ठेवलं आणि शेजारणीचं चिरलेलं मागून नेलं. मोर्च्यात मोडलं तर? परत आणून दिलं तेव्हा ते आणखी चिरलेलं होतं. शेजारीण बोलली, तर आजीने तिला ऐकवलं की तुझं लाटणं मुंबईभर फिरून आलं, तू कुठे गेलीस?

पण वाण्याची उधारी हे तिचं खरं दुखणं. गिरणीचा पगार महिन्याने, भाजी-मासळी रोजची. मधले दिवस उधारीवर. उधारीचा भाव वेगळा, वजन वेगळं, आणि तोंड उघडायची सोय नाही. पाटल्या वर्षात दोनदा सावकाराकडे जाऊन यायच्या. आत्या सांगते, पाटल्या घरात असल्या की आई जरा मोठ्याने बोलायची. मग १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, गिरणगावातल्या कामगार चळवळीत मुरलेल्या बाई. त्यांच्या ध्यानात आलं की गिरणी कामगार ज्यांच्या हातचं खाऊन संप करतो त्या बायकांची कुठेच नोंद नाही. ना कामगार म्हणून, ना धंदेवाल्या म्हणून. दागिना गहाण न घेता, बायकांनी एकमेकींना जामीन राहून राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज घ्यायचं, अशी ती व्यवस्था. आजी पहिल्यांदा गेली नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईचे पैसे आले, पोलीस आला नाही, हे बघून गेली. बँकेत अंगठा चालला असता. तिने सही शिकायचं ठरवलं. महिनाभर रात्री, शेवटची पंगत उठल्यावर, भिंतीवरच्या हिशोबाच्या खाली कोळशाने. शिकवणारी आत्या, चौथी पास.

इथे मला थांबायला हवं, कारण आत्या चौथी पासच का, हा प्रश्न आमच्या घरात कुणी काढत नाही.

आत्या शाळेत हुशार होती. हे बाबाच सांगतात, आणि सांगताना खिडकीबाहेर बघतात. आजोबा गेले त्या वर्षी तिचं नाव काढलं. सकाळी भाकऱ्या, दुपारी डबे घेऊन गिरणीच्या दरवाजावर, संध्याकाळी भुसा. डबा पोचवायला उशीर झाला तर आतला माणूस अर्ध्या तासाच्या सुटीत उपाशी राहणार, म्हणून ती पळत जायची. भोंगा व्हायच्या आत. दोन्ही मुलगे शिकले. बाबा बी.कॉम. झाले, काका डिप्लोमा. आजीची हिकमत म्हणून लोक जे जे सांगतात त्याच्या तळाशी दहा-बारा वर्षांची एक मुलगी ठासून बसवलेली आहे, शेगडीत भुसा ठासतात तशी.

आणि मग लग्न. आत्याला एकोणीस पूर्ण झाली तेव्हा कराडहून स्थळ आलं होतं. प्राथमिक शिक्षक, घरची दोन एकर, मुलगी पुढे शिकली तरी चालेल असं म्हणणारा. त्या काळात असं म्हणणारा माणूस! आजीने पाहुण्यांना पोहे दिले, चहा दिला, आणि कळवते म्हणाली. कळवलं नाही. चार महिन्यांत आत्याचं लग्न दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, आमच्याच खानावळीत जेवणाऱ्या बदली कामगाराशी लागलं. माणूस सरळ होता. पण आजीने जावई बघताना घर बघितलं नाही, अंतर बघितलं. लग्नानंतर पाचव्या दिवशी पहाटे आत्या भाकऱ्या थापायला हजर होती.

हे मला आत्यानेच सांगितलं, आजी गेल्यानंतर, आणि ज्या आवाजात ती भाजीचा भाव सांगते त्याच आवाजात. मी विचारलं, राग नाही आला? ती म्हणाली, “यायचा की. लय यायचा. रागानं भाकरी बरी गोल हुती.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तिला दुसरं कोण हुतं?” ही दोन्ही वाक्यं तिची आहेत, आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. मी इथे आजीच्या विरुद्ध लिहितेय असं वाटलं तर वाटो. मला तिचा अजूनही लळा आहे. मी आजारी असताना कपाळावर ठेवलेला तो खरखरीत हात मला कुणी परत दिला तर मी काहीही देईन. तरी ती गोष्ट तिच्या जागी आहेच.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पहिले दोन महिने आजीने पंगती चालू ठेवल्या, उधार. महिन्याभरात मिटेल असं सगळेच म्हणत होते. गर्दी होती पण भोंगा नव्हता, आणि भोंग्याशिवाय तिला वेळ कळेना. ती मध्यरात्री उठून पीठ मळायला बसायची. मग एकेक जण गावाला निघाला. पावसाच्या आधी पेरणीला जाऊन येतो म्हणाले. ट्रंका, वळकट्या खोलीतच ठेवून गेले, म्हणजे परत येणार. ट्रंका पुढे कित्येक वर्षं आमच्या माळ्यावर होत्या. भिंतीवरच्या चौकटींत खाड्याच्या रेघा वाढत गेल्या आणि एका महिन्यानंतर तिने रेघा मारणं थांबवलं. तो संप कुणी मागे घेतला असं अजूनही रीतसर झालेलं नाही.

पण चौकटी पुसल्या नाहीत. चुना काढायची वेळ आली तेव्हा तिने ती एक भिंत सोडून बाकी खोली रंगवून घेतली. लोक म्हणायचे मावशी भाबडी, आठवणी जपते. आठवणी कसल्या! येणं होतं ते. सातारकडच्या एकाने दोन वर्षांनी गाववाल्याच्या हाती तांदळाचं एक पोतं पाठवलं, मावशी, जमेल तसं फेडतो असा निरोप देऊन. आजीने ते पोतं मापाने मोजलं, वाण्याकडे त्या दिवशीचा भाव विचारला, त्याच्या चौकटीतून तेवढे पैसे वजा केले, आणि गाववाल्यालाच उरलेल्याचा आकडा सांगून परत धाडलं. नंतर त्या तांदळातला निम्मा तिने शेजारच्या एका घरी दिला. तिथला माणूस संपात घरीच बसलेला होता, आणि त्यांच्याकडे दोन दिवस चूल पेटली नव्हती. भाव विचारणारी आणि देणारी, बाई तीच.

आत्याच्या नवऱ्याचीही गिरणी गेली. ते नंतर वॉचमन झाले, एका बंद गिरणीच्याच दरवाजावर, आणि पन्नाशीत गेले. खानावळ संपली होती. आजी आणि आत्या मग चपात्या करून कॅन्टीनला द्यायला लागल्या, शेकड्यावर. आणि उन्हाळ्यात मसाला. लालबागची मसाल्याची गल्ली पाठीशीच. मिरच्या तिथे, डंक तिथे. आमचा कांदा-लसूण मसाला, घाटावरचा. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, उन्हात कडकडीत वाळवून तेलावर तांबूस केलेला कांदा. एप्रिलमध्ये डंकापुढे बायकांची रांग, नाकाला पदर, मिरचीच्या ठसक्याने सगळ्या एकसारख्या शिंकतायत, आणि त्यात आजी शेजारच्या बाईच्या धण्याचा दर्जा बघून नाक मुरडतेय. आपलं कुटून होईपर्यंत ती जागची हलायची नाही. आधीच्या कुणाच्या तरी हलक्या मसाल्याची भुकटी उखळात राहिलेली असते, म्हणून पहिली मूठ ती नेहमी बाजूला काढायला लावायची. ती मूठ टाकायची नाही अर्थात. घरच्यांना.

नव्वदच्या दशकात कधीतरी तिने खोलीची भाडेपावती आत्याच्या नावावर केली. मुलांना न विचारता. बाबा तेव्हा डोंबिवलीला स्वतःच्या ब्लॉकमध्ये होते, काका ठाण्याला. गरज कुणाला नव्हती, पण लालबागमधल्या खोलीचा अर्थ तोवर सगळ्यांना समजायला लागला होता. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहत होते. घरात मोठं भांडण झालं. बाबा काही वर्षं तिच्याशी तुटक वागले. त्यांनी एकदाच तोंडावर विचारलं, आम्ही मुलगे नाही का? आजी म्हणाली, “तुमी शिकला. तुमचं दिलं.” आत्याचं बाकी होतं, एवढंच तिने सांगितलं. माफी मागितल्याचं कुणी ऐकलं नाही. आत्याही नाही. मी विचारलं होतं.

शेवटची वर्षं तिची आत्याकडेच गेली, त्याच खोलीत, नंतर त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर. लिफ्टची तिला फार मौज वाटायची. विनाकारण खाली जाऊन यायची. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा तिने खिडकीतून खालचा रिकामा रस्ता बघितला आणि विचारलं, “कुणाचा संप हाय?” समजावून सांगितलं तर मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी आत्याला तांदूळ-डाळ किती आहे ते दाखवायला लावलं, हाताने चाचपून. टीव्हीवर बोचकी डोक्यावर घेऊन हायवेने चालत निघालेली माणसं दिसली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ह्यांच्या खानावळी कुणी बंद केल्या?” बातम्या देणाऱ्यांपैकी कुणी हे विचारल्याचं माझ्या तरी ऐकण्यात आलं नाही.

ती गेली तेव्हा तिच्या उशाखाली मिळालेल्या पुडीत सुट्टे पैसे होते, चार बंद झालेल्या नोटा, आणि बँकेच्या पहिल्या कर्जाचं जुनं पुस्तक. फेडलेलं. शेवटच्या पानावर सही. मोठी, कोनाकोनांची, रेघेबाहेर गेलेली. आत्याने पुस्तक ठेवून घेतलं, सुट्टे पैसे मोजले आणि डब्यात टाकले.

मसाला आता आत्या करते. सत्तरी ओलांडली आहे, पण एप्रिल लागला की डंकावर तिचा नंबर लागलेला असतो. ऑर्डरी वहीत लिहिते, सुवाच्य अक्षरात, चौथी पासच्या. परवा मी फोन केला, म्हटलं आत्या, यंदा दोन किलो हवाय, आणि आजी घालायची तसंच सगळं प्रमाण घाल. ती म्हणाली, “तिच्या परमाणात मीठ जास्त असायचं. वजन भरायला. मी घालत न्हाई.” मग पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. “दोन किलो. लिवलं. यंदा मिरची महाग हाय, निम्मे पैसे आगाऊ पाठव. आन्‌ गेल्या सालची बरणी तुझ्याकडंच हाय, ती घासून आण, न्हाईतर बरणीचे पैसे धरीन.”